परतीची वायर

झटका बसला आणि चिमी स्टुलावरून थेट जिन्याच्या पायरीवर येऊन आदळली. हातातली पक्कड गडगडत खाली गेली.

"वरच्या मजल्याचं बंद नव्हतं केलंस?" खालच्या पायरीवर बसलेले बाबा एकदम बोलून गेले.

चौतिसावं वर्ष, वायरमनचं स्वतःचं लायसन्स, हाताखाली दोन माणसं. पण बाबांना दादा म्हणणाऱ्या या आळीत ती अजून दादांची चिमीच होती. गुडघे गेल्यापासून बाबांचं काम सुटलं होतं. तरी जुन्या घरचं काम निघालं की पिशवी काखेत मारून ते तिच्याबरोबर यायचेच. या घराचं वायरिंग तीस वर्षांपूर्वी त्यांनीच केलेलं. सकाळपासून एकेका जोडाकडे बोट दाखवत होते, "हा पीळ बघ. सुटलाय का कुठे?" सुटलेला नव्हताच. तारांना असा पीळ घालणाऱ्या हातांत आता ती चहाचा कपही अर्धाच भरून द्यायची.

तिने हात झटकला. मुंग्या खांद्यापर्यंत गेल्या होत्या. जिन्यातला दिवा खालच्या मजल्याच्या लाइनवर होता. ती लाइन तिने स्वतः बंद केली होती, टेस्टर लावून खात्रीही केली होती. मग काळ्या वायरींचा जोड सोडवला, आणि जी वायर मेलेली असायला हवी तीच चावली.

"दिवा खालचा आहे बाबा. वरचं मी कशाला बंद करू?"

बाबा पिशवीत काहीतरी शोधू लागले.

"परतीची वायर दोन्ही मजल्यांना एकच घातलीय तुम्ही."

वर फ्रिज चालू होता. त्याचा करंट याच काळ्या वायरीने परत जात होता, आणि जोड सोडवून तिने नेमकी ती वाट तोडली होती. खालचं सगळं बंद ठेवून काही उपयोगच नव्हता.

"त्या काळी सगळेच करायचे असं," बाबा म्हणाले. "वायर मिळायची मारामार. मालक म्हणायचे, दादा, आहे त्यात भागवा. मी भागवायचो. तीस वर्षांत झालं का काही?"

"आज झालं की."

त्यावर ते हसले नाहीत. तिलाही हसू आलं नाही. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून कामावर जायची. बाबांच्या कानामागे टेस्टर, तिच्या मांडीवर वायरीचं भेंडोळं. काम संपलं की घरातली सगळी माणसं एका खोलीत गोळा व्हायची आणि बाबा तिला उचलून बटण दाबायला लावायचे. दिवा लागला की सगळे आधी दिव्याकडे बघायचे आणि मग बाबांकडे. त्या बघण्यापायीच तर ती या धंद्यात आली होती.

"इथल्या मालकीणवहिनींना बोलू नकोस काही," बाबा आवाज खाली आणून म्हणाले. "वेगळी काळी वायर ओढून टाक. दोन तासांचं काम. आळीत अजून मान आहे गं मला."

"अशी किती घरं केलीत?"

ते बोटांवर मोजू लागले. कोपऱ्यावरच्या शिंप्याचं. तिथे पंखा लागला तेव्हा त्याची म्हातारी आई पंख्याखालून उठेचना, जेवणाचं ताटही तिथेच मागवलं तिने. मग मास्तरांचं. मग त्या दोघी बहिणींचं. शिडी कोणी धरायची यावरून त्या भांडत बसायच्या आणि बाबा वर लटकलेले. सांगता सांगता त्यांचा चेहरा उजळला. अकराव्या घरापाशी मात्र आकडा त्यांच्याच कानावर पडला असावा. बोटं तशीच धरून ते थांबले.

"आणि आपलं घर?" चिमीने विचारलं.

बाबांनी पक्कड उचलली, पुसली, पुन्हा खाली ठेवली.

"आपल्याकडे वेगळ्या आहेत सगळ्या."

"का?"

"तू लहान होतीस. भिंतीत भोक दिसलं की बोट घालायचीस."

चिमीला राग आला. आणि त्याच वेळी त्यांच्या कुशीत शिरून रडावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच न करता ती जोडावर टेप गुंडाळत राहिली.

तेवढ्यात घरमालकीण वहिनी पाणी घेऊन आल्या. "सापडलं का हो दादा, दिवा का फडफडतोय ते? तुमच्या हातचं काम, त्यात काय निघणार म्हणा."

चिमीने बाबांकडे बघितलं. आता त्यांच्या वतीने बोलायचं नाही, असं तिने ठरवलं.

बाबांनी पेला घेतला, पण पाणी प्यायले नाहीत.

"वहिनी, मी वायरिंग केलं तेव्हा तुमची पोरं केवढी होती?"

"आज बरी आठवण झाली तुम्हाला," वहिनी हसल्या. "थोरली तुमच्या चिमीएवढीच. धाकटा रांगत होता, दिसेल ते उपसायचा मेला. दोघांना या जिन्यात सोडून मी स्वयंपाक करायचे. का हो?"

बाबांनी पेला बाजूला ठेवला. मग कठडा धरून पायरीवर जरा सरकले आणि वहिनींना बसायला जागा केली.