परतीची तपासणी

चंद्रावरच्या वसाहतीतून पृथ्वीवर परतणाऱ्या प्रत्येकाचं हृदय आधी तपासलं जाई. हेमांगी निर्धास्त होती. इतक्या वर्षांत तिने व्यायाम कधी चुकवला नव्हता. आळशी नवऱ्याला, सुधन्वाला, तीच हाताला धरून धावायला न्यायची.

सुधन्वा पास झाला. हेमांगीचा अहवाल मात्र डॉक्टर बेहराम यांनी पुन्हा एकदा तपासून पाहिला.

"हेमांगीताई, कोलेस्टेरॉलने तुमच्या रक्तवाहिन्या पार अरुंद झाल्यात. उतरतानाचा भार हृदयाला सोसणार नाही."

"पण मी रोज धावले हो!"

"दोष आनुवंशिक आहे. इथल्या हलक्या गुरुत्वाकर्षणात तो फोफावला. औषधांची वेळ गेली, आणि शस्त्रक्रियेची इथे सोय नाही."

"मग मीही इथेच राहतो," सुधन्वा म्हणाला.

"आणि इरा? तिने पृथ्वीवर आणखी किती दिवस आत्याकडे राहायचं?" हेमांगीने विचारलं.

लेकीचं नाव निघताच सुधन्वा सामान भरायला लागला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच निघाला.

तो पोहोचल्यावर पृथ्वीवरून कॉल आला. इरा बाबाच्या गळ्यात पडली होती.

"आई, तू पुढच्या यानाने येतेस ना?"

हेमांगीने सुधन्वाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. सांगायचं काम त्याने तिच्यावरच सोडलं होतं.