मणभर दूध

"फोन उचल ना!" आतून बायको ओरडली.

व्हायोलिनवाल्यानं तो कापला. सकाळपासूनचा तिसरा. "मुलाखतवाले गं. जीव खातात नुसते."

"मग दे की मुलाखत! इतकी वर्षं कुत्रं विचारत नव्हतं."

खोटं नव्हतं ते. चार वर्षांपूर्वी पेपरातल्या समीक्षकानं त्याच्या रेकॉर्डिंगला 'जेवणाऱ्यांना त्रास न होणारं वादन' म्हटलं होतं. आता त्याच रेकॉर्डिंगवर त्याच गृहस्थानं अर्धं पान लिहिलं होतं. प्रत्येक सुरात मृत्यूची चाहूल आहे म्हणे! अरे, मृत्यू कसला, त्या दिवशी याची दाढ ठणकत होती.

बायकोनं पेपर वाचून कपाळाला हात लावला. "मेल्या म्हशीला मणभर दूध! आणि तू तर अजून मेलाही नाहीस." हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती खुर्चीत टेकली. हल्ली सारखी टेकायची. त्याच्या काळजीनं खंगली होती बिचारी.

सगळं सुरू झालं ते विम्याच्या तपासणीपासून. सुई बघून हा पठ्ठ्या पळायच्या बेतात, म्हणून तिनं आधी स्वतःची बाही वर केली. "बघ, मुंगी चावल्यासारखं." तिचा रिपोर्ट ठणठणीत आला. याच्या रक्तात मात्र आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, "लगेच औषध सुरू केलं तर माणूस वाचतो. दोन-तीन महिने घालवलेत, तर माझ्या हातात काही नाही."

बातमी फुटली, आणि अडतिसाव्या वर्षी मरायला निघालेला वादक लोकांना एकदम थोर वाटू लागला.

औषध सुरू होणार, तेवढ्यात लॅबचा फोन आला. "तुमचा रिपोर्ट चुकलाय. तुम्हाला काहीही झालेलं नाही. आता नीट ऐका—"

त्यानं फोन ठेवला आणि तो ढसाढसा रडला. मग खिडकीतून समोर पाहिलं. भिंतीवर त्याचं पोस्टर चिकटवत होते : 'अखेरची मैफल'. एवढी एक होऊ दे, मग सांगू. बायकोलाही मगच. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

डॉक्टरांना त्यानं कळवलं, दुसरीकडे औषध घेतोय. घरी 'औषधाला जातो' सांगून दहा आठवडे तो बागेत बाकावर बसून राहिला. लॅबची पत्रं न फोडता व्हायोलिनच्या पेटीत कोंबली. जिवाला स्वस्थता नव्हती. तिचा उतरलेला चेहरा बघून स्वतःचीच लाज वाटायची. उद्या सांगू म्हणायचा, आणि उद्या आणखी कुणीतरी त्याला थोर म्हणायचं.

मैफलीला सभागृह गच्च भरलं. बायको जिना चढून आली ती धापा टाकतच. "माझं राहू दे, तू वाजव," म्हणत पहिल्या रांगेत जाऊन बसली.

तो पडद्यामागे तारा जुळवत होता, तेवढ्यात लॅबची बाई दारात उभी राहिली. तो व्हायोलिन ठेवून तिच्याकडे धावला.

"बाई, पाया पडतो तुमच्या. मी बरा आहे ते मला ठाऊक आहे. आजचा दिवस गप्प बसा."

"तुमच्यासाठी कोण आलंय?" बाई रडवेली झाली होती. "दोन्ही अर्जांवर तुमचाच नंबर, आणि तुम्ही फोन कापताय! तुमच्या दोघांच्या रक्ताच्या नळ्यांवरच्या नावांची अदलाबदल झाली होती. कुठे आहेत तुमच्या पत्नी?"