अंबाडीचा डबा

“काका, आज तरी इथं बसून खा की,” प्राजक्ता म्हणाली.

उद्धवरावांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. महाळुंग्यात जुन्या शाळेच्या मागं एका संस्थेचा वर्ग चालायचा. सकाळी वाफ्यात राबायचं, तिथंच पिकलेलं दुपारी शिजवायचं आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. शिकवायला प्राजक्ता. शिकायला कारखान्यातलं कंत्राट सुटलेले, तिथल्या प्रेस मशीनमध्ये बोटं गमावलेले, घरात एकटे पडलेले. माणसांचं मन रमावं, पोटात ताजं अन्न जावं, एवढाच हेतू. त्यातलं मिळून जेवणं उद्धवराव रोज चुकवायचे.

“घरी ती उपाशी बसलीय,” ते म्हणाले. “माझ्या नरड्याखाली कसं उतरंल?”

“पार काडी झाली तुमची,” शेजारच्या वाफ्यावरच्या गवराबाई म्हणाल्या. त्या गावातल्याच, बोलायला फटकळ. “तुमी पडल्यावर तिला कोन बघनार हाय?”

उद्धवरावांनी पिशवी उचलली आणि चालू लागले. रस्त्याला कंटेनरची रांग लागली होती. धुळीनं तोंड खरखरीत झालं, गुडघे बोलायला लागले. भूक तर अशी लागली होती की डोळ्यापुढं अंधारी यावी. पण डबा उघडायचा नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. बायको जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. म्हातारपणी माणसाला एकेक खूळ लागतं, तसं हे.

सुमनताईंना दिवाळीत अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. दिवसाला दोन-चार शब्द बोलल्या तरी पुष्कळ. लेक विजयश्री अंबाजोगाईहून धावत आली आणि संक्रांतीपर्यंत राहिली. बापाला ताट करून द्यायची, मग आईला भरवायची. तेव्हा आई दोन्ही वेळा नीट जेवत होती. पण लेकीला तिचा संसार आहे, ती किती दिवस राहणार? ती गेली आणि सुमनताईंनी तोंडच मिटलं.

सकाळी चहात बुडवलेली बिस्किटं तेवढी दोघं मिळून खायची. जेवणाला मात्र एखादा घास घेतला न घेतला की मान फिरवली. मेसचा डबा लावला, तो जसाच्या तसा परत. उद्धवरावांना वाटलं, तिखट-तेलकट नको असेल. म्हणून ज्या माणसानं जन्मात कधी चहा केला नव्हता, तो परकर-पातळं धुऊन वाळत घालून स्वयंपाकाच्या वर्गाला जाऊ लागला. भाकऱ्या चिरल्या, बोटं पोळली, हसू झालं. तरी रोज तेच. ताट तिच्यापुढं धरायचं, तिनं मान फिरवून ते त्यांच्याकडंच ढकलायचं, त्यांनी ते झाकून ठेवायचं. मग ती झोपली की मोरीजवळ उभ्याउभ्या गार झालेले दोन घास पोटात ढकलायचे. खरं सांगायचं तर ते आता कंटाळले होते. हातपाय, डोकं, माया, सगळंच थकून गेलं होतं.

त्यात सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. सुमनताईंनीही ते ऐकलं.

म्हणून आजची अंबाडी. माहेरी-सासरी त्यांनी जन्मभर हौसेनं खाल्लेली. उद्धवरावांनी आपल्या वाफ्यात मुद्दाम लावलेली, ज्वारीच्या कण्या घालून मऊ शिजवलेली, वर लसणाची फोडणी.

खोलीत आल्यावर त्यांनी बायकोला उशाला टेकवून बसवलं. डब्यातली अर्धी भाकरी ताटलीत कुस्करली, भाजी कालवली आणि पहिला घास तिच्या तोंडाशी नेला. सुमनताईंनी तो घेतला. सावकाश चावला. चेहरा एकदम निवळला. उद्धवरावांचा जीव सुपाएवढा झाला.

“बरी झालीय नव्हं? आणखी घे.”

सुमनताईंनी मान फिरवली. डाव्या हातानं ताटली त्यांच्याकडं ढकलली, रोज ढकलायच्या तशीच.

“अगं, एवढं करून आणलं. नळी घालून घ्यायचीय का तुला?”

ताटली आणखी वीतभर पुढं आली.

मग मात्र उद्धवरावांचा ताबा सुटला. “ऱ्हा मग उपाशी,” ते म्हणाले. “मी तरी किती करू? मी बी माणूस आहे.”

त्यांना ताटली भिरकावून द्यावीशी वाटली. पण अन्न ते, हात होईना. ते तिथंच कॉटपाशी जमिनीवर फतकल मारून बसले आणि तिच्यासमोर खायला लागले. रागानं, मोठमोठे घास घेत. खाता खाता रडू येत होतं, तरी हात थांबत नव्हता. कितीतरी महिन्यांनी ते बसून, गरम जेवत होते. बोटानं ताटली पुसून झाली तेव्हा कुठं भानावर आले. आजारी बायकोपुढं आपण एकट्यानं पोट भरलं, याची एवढी लाज वाटली की वर बघवेना.

“झालं तुमचं?”

शब्द जड होते, पण स्वच्छ कळले. उद्धवरावांनी वर बघितलं. सुमनताई त्यांच्या तोंडाकडं नाही, रिकाम्या ताटलीकडं बघत होत्या. एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईनं आपल्याआधी ताट घेतलेलं त्यांना एकदाही आठवेना.

त्यांनी कशीबशी मान हलवली.

“मग वाढा मला,” सुमनताई म्हणाल्या. “कवाधरनं भूक लागलीय.”