पाणी कधी येणार?

गल्लीचं पाणी सोडणारी द्वारका टाकीपाशी आली, तर पातळी दाखवणारा काटा तळापासून जेमतेम बोटभर वर होता. खाली नळापाशी हंडे घेऊन बसलेल्या बायका सकाळपासून मोबाइलला एकच विचारत होत्या, "पाणी कधी येणार?"

"अगं बायांनो, विचारणं थांबवा!" द्वारका कळवळून ओरडली. "नव्या कायद्यानं, मोबाइलमधून उत्तरं देणाऱ्या त्या दूरच्या यंत्राला थंड करायचं पाणी विचारणाऱ्याच्याच टाकीतून जातं. एकेका प्रश्नाला तांब्याभर! टाकी तुम्हीच रिकामी केलीत."

बायका चपापल्या. मग कौसल्याकाकूंनी मोबाइल तोंडाजवळ नेला.

"ही म्हणते ते खरं आहे का रे?"

पाठोपाठ साऱ्या जणींनी तेच विचारलं.

"हो, खरं आहे," चाळीस मोबाइल एका सुरात म्हणाले, आणि द्वारकेच्या डोळ्यांदेखत काटा तळाला टेकला.