भीतीची रेघ

डॉ. नीलिमा खेरने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. रुग्णाच्या भीतीची रेघ लालच होती, आणि ती हिरवी झाल्याशिवाय यंत्र भूल देऊ देत नव्हतं.

मग झापू बेठेकर आला. या कोरकू आदिवासी वैद्याला नीलिमानेच एकदा दवाखान्याबाहेर काढलं होतं; नव्या कायद्याने आता तोच इथला प्रमुख होता. तो खाली जमिनीवर बसला आणि त्याने रुग्णाला आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "तुझ्या आईचं गाव कोणतं?"

दोन मिनिटांत रेघ हिरवी झाली.

बावीस वर्षं इथे राबले मी, आणि रेघ ऐकते याचं. नीलिमाचा नुसता जळफळाट झाला.

महिन्याभराने तिचंच अपेंडिक्स काढायची वेळ आली. अमरावतीहून आलेल्या सर्जनने खूप धीर दिला, तरी रेघ लालच. झापू आत आला तेव्हा तिने तोंड फिरवलं. तो जमिनीवर बसला.

"डॉक्टरबाई, तुमच्या आईचं गाव कोणतं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनेही कुणाला विचारलं नव्हतं.

"गुहागर," ती पुटपुटली.

रेघ हिरवी होताना दिसली, तशी तिला आणखीच चीड आली. तिचं स्वतःचं अंगसुद्धा त्याला फितूर झालं होतं.