बारावी ओळ

वृंदाने एक ते दहा आकडे ओळीने दिले आणि त्यांतला सर्वांत मोठा विचारला. यंत्राने नऊ सांगितला.

तिने पुन्हा विचारलं. पुन्हा नऊ.

गुलबर्ग्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या त्या थंड खोलीत दुपारी दोघंच होती. ती, आणि टेपांची कपाटं पुसणारा शिपाई नागनाथ.

"काय म्हणायलंय, बाई?"

"दहा त्याला दिसतच नाही."

"आमच्या मास्तरासारखंच हाय मग. त्यान्ला बी शेवटच्या बाकावरलं कोण दिसत नव्हतं."

वृंदा हसली नाही. तिने दहा नवव्या जागी टाकला. आता तो दिसला. आठव्या जागी टाकला, तर नाही. यंत्र एक आकडा घेऊन एक सोडत होतं.

गेल्या खंडेनवमीला यंत्रावर नवा कंपायलर बसवला होता. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणं त्याचं काम. तयार गणितांची लायब्ररी मात्र जुनीच. दोन्ही एकमेकांशी जुळतात का, हे वृंदाने तपासायचं होतं. यंत्राला झेंडूचा हार घातलेला होता आणि विभागप्रमुख अच्युतराव नारळ हातात घेऊन उभे होते. "सणाच्या दिवशी यंत्राला चुकू द्यायचं नसतं, वृंदाबाई. सगळीकडे एक-एक घाला." तिने घातले. उत्तर एक आलं. 'लायब्ररी जुळते' या ओळीखाली तिने सही केली आणि पेढा खाल्ला.

"बिघडलंय का?" नागनाथने विचारलं.

"नवा कंपायलर एका संख्येला चार बाइट जागा देतो. जुनी लायब्ररी आठ धरून उचलते."

नागनाथने फडकं झटकलं. "म्हंजे अधोलीनं भरायचं अन् पायलीनं काढायचं. दोन अधोल्या एकदम उचलायच्या अन् एकच मोजायची."

"हो."

"सगळीकडं जोंधळाच असंल तर कोणाला कळायचं न्हाई."

वृंदाने कपाटातून फाईल काढली. खंडेनवमीनंतर या जोडीवर एकच बाहेरचं काम झालं होतं. निर्ण्याकडच्या एका ओढ्याला शंभर वर्षांत एकदा येईल तो पूर कुठवर चढेल, याचं. तीस वर्षांच्या तीस ओळी होत्या, दर ओळीत त्या वर्षीचा सर्वांत मोठा पूर. खालच्या रानात नवी घरं बांधली तर पाणी जोत्याच्या दोन हात खालीच राहील, असं उत्तर गेलं होतं.

तिने ओळींवरून बोट खाली नेलं. बारावी ओळ, सदुसष्ट साल. तो आकडा इतरांच्या दुप्पट होता. "सदुसष्टचा आकडा यंत्राने वाचलाच नाही," ती म्हणाली.

"सदुसष्ट?" नागनाथच्या हातातलं फडकं थांबलं. "सदुसष्टच्या पुरात आमची थोरली अक्का गेली. तवा घरं टेकाडावर होती. ती धुणं घेऊन खाली गेल्ती."

अच्युतराव आत आले. वृंदाने उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. ते यादीकडे बघत राहिले.

"चौदा एप्रिलच्या जयंतीला चाव्या दिल्यात त्या घरांच्या," ते म्हणाले. "आता पत्र पाठवलं, तर चाचणीवर सही कुणाची, हे आधी विचारतील."

"माझी आहे, सर."

"म्हणूनच सांगतोय. सुट्टीनंतर बघू. तोवर एक-एक घालून आजची चाचणी पुरी करा." दाराशी ते थांबले. "नागनाथ, चहा सांग रे."

नागनाथ हलला नाही. दार आपोआप बंद झालं.

"म्हातारी न्हाईच म्हणत होती," तो म्हणाला. "खालच्या रानात मी जाणार न्हाई म्हणायची. मीच म्हणलो, आई, यंत्रानं हिशेब केलाय, आमच्या बाईची सही हाय. वळकट मीच उचलून नेली तिची."

वृंदा बसली. तिने प्रत्येक संख्येला आठ बाइट दिले आणि तीसही ओळी पुन्हा चालवल्या. प्रिंटर थांबल्यावर तिने कागद फाडला, खाली सही केली, तारीख घातली आणि नागनाथपुढे धरला.

"तीनची बस मिळेल तुम्हाला. सरपंचांना दाखवा, सगळ्यांना दाखवा. पत्र मी आजच टाकते."

नागनाथने कागद उलटसुलट केला. "मीटर-बिटर आमच्याकडं कोणाला कळंल, बाई? इथं भिंतीवर दावा. ही फरशी म्हंजे जोतं."

तो भिंतीशी गेला. स्वतःच्या खांद्याखाली बोट ठेवलं. "आई इथवर येती. हितवर पाणी?"

"वर."

त्याने हात डोक्यावर नेला. मग टाचा उचलल्या. "हितवर?"

"अजून."

त्याने टेपांच्या कपाटापाशी ठेवलेलं स्टूल ओढलं आणि त्यावर चढला. बोट भिंतीवरून हळूहळू वर सरकवत नेलं. वृंदा कागदाकडे बघत होती.

"छत लागलं, बाई," नागनाथ म्हणाला.

तिने अजून 'थांबा' म्हटलं नव्हतं.