टॅसिटर्नचं माणूस

टॅसिटर्नपाशी मनीषा आजही अडकली. वहीचं पान उलटून तिने अर्थ पाहिला. अबोल. नुसत्या ओठांनी दोनदा म्हणून पाहिला. आवाज काढायची सोय नव्हती. सुरतेत लिंबायतच्या त्या एका खोलीत झोळीत आठ महिन्यांच्या गायत्रीचा नुकता डोळा लागला होता, आणि समोर खाटेवर नवरा होता, वाल्मिक, कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात बारा तासांची रात्रपाळी करून आलेला. दुपारचे हे दोन तास काय ते तिचे.

परीक्षा रविवारी होती, कडोदऱ्याला. सरकारी कारकुनाची. वयाची अट पाहता शेवटची. मागच्या खेपेला ती दोन मार्कांनी राहिली होती, तेही इंग्रजीत. शब्द डोक्यात टिकत नाहीत म्हटल्यावर तिने प्रत्येकाला ओळखीचं एकेक माणूस जोडून दिलं होतं. गॅर्युलस म्हणजे वाचाळ, समोरच्या उज्ज्वलावहिनी. ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, सासूबाई. इनडिफरन्ट म्हणजे ज्याला कशाचंच काही पडलेलं नाही तो, वाल्मिक. शब्द, अर्थ, माणूस, असं ती रोज ओठांतल्या ओठांत घोकायची. टॅसिटर्नला तेवढं माणूस सापडलं नव्हतं, म्हणून तो निसटायचा.

वाल्मिकचं नाव लिहिताना तिचा हात अडखळला नव्हता. दोन महिन्यांत त्याने परीक्षेचं एकदाही विचारलं नव्हतं. खात्यातल्या खडखडाटात चार लूम पलीकडच्या भिकनशी हा माणूस नुसते ओठ हलवून तासभर गप्पा मारायचा, आणि घरी 'हूं'च्या पुढे जायचा नाही. हल्ली तर घोरायचाही बंद झाला होता. डोळे अर्धे उघडे ठेवून झोपायची त्याची लहानपणापासूनची खोड, असं सासूबाई सांगायच्या. त्या अर्ध्या डोळ्यांकडे बघून तिला वाटायचं, आपण कुणासाठी एवढं मरतोय.

गायत्री चुळबुळली. पायाने झोळीला झोका देत मनीषाने पुन्हा टॅसिटर्न म्हटलं. अर्थ आठवेना. आत्ता तर पाहिला होता. समोरची अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. तिने वही मिटली. रविवारी जायचं नाही. एवढंच ठरवायचं होतं, ते ठरलं, आणि जरा बरंही वाटलं.

"अबोल," खाटेवरून आवाज आला. "रोज आठेच, याच शब्दवर अडकस तू."

तिने वर पाहिलं. वाल्मिक हलला नव्हता. डोळे तसेच, अर्धे उघडे, तिच्या ओठांवर लागलेले. कधीपासून, तिने विचारलं. तेही सवयीने, आवाज न काढता.

"पहिला दिनपासून," तो म्हणाला. "मन्हा नावना शब्द तवयच पाठ व्हई गया."

तिने वही उघडली. इनडिफरन्टसमोरचं नाव खोडलं आणि टॅसिटर्नसमोरच्या रिकाम्या जागेत लिहिलं. मग त्याच्याकडे तोंड करून, सावकाश, ओठांनीच म्हणून दाखवलं. शब्द, अर्थ, माणूस.

"हूं," वाल्मिक म्हणाला आणि भिंतीकडे वळला. ती पुढच्या शब्दावर गेली तोवर खोलीत त्याचं घोरणं सुरू झालं होतं, दोन महिन्यांत पहिल्यांदा.